पोलादाचं सोवळं: चार पाती, नऊ महिने

चाकू हातात आला की लोक मूठ बघतात, पातं उघडून धारेवर अंगठा आडवा फिरवतात. मी पात्याच्या बुडाशी कोरलेला पोलादाच्या नावाचा शिक्का वाचायचे. एम-३९०सारखं महागडं पोलाद दिसलं की मान डोलवायची, ८सीआर१३एमओव्हीसारखं स्वस्तातलं दिसलं की चाकू हळूच खाली ठेवायचा. समोरच्या माणसाने तोच चाकू दहा वर्षं सुखाने वापरलेला असला तरी आमचं नाक मुरडलेलंच. धाकटा भाऊ एकदा वैतागून म्हणाला होता, "ताई, तू चाकू वापरतेस की वाचतेस?"

हे सोवळं मी बरीच वर्षं मन लावून पाळलं. गेले नऊ महिने चार पाती रोजच्या हातात आहेत. त्या नऊ महिन्यांत सोवळ्याचं काय झालं ते लिहिते.

वापर कसला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. कामावर दिवसाला वीस-पंचवीस खोकी फोडते, शिवाय पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी आणि सुतळी. घरी स्वयंपाकघर. पुठ्ठा दिसायला मऊ, पण धारेचा वैरी. रद्दीतून बनलेल्या पुठ्ठ्यात मातीचे, वाळूचे बारीक कण येतात आणि धार कुरतडल्यासारखी झिजते. त्यात मधेच स्टेपलची पिन आडवी आली की संपलंच.

घडीचे चाकू तीन. एक एम-३९०चा, सगळ्यांत महाग, दोन वर्षं मनात धरून मग घेतलेला. उरलेले दोन एकाच मॉडेलचे: तीच मूठ, तोच खटका, तेच पातं, फक्त एकात डी-२ आणि दुसऱ्यात १४सी२८एन. चौथी स्वयंपाकघरातली सुरी, शिरोगामी पोलादाची. आधीपासून घरात असलेली जर्मन धाटणीची सुरीही आहेच, पण तिला मी मोजतच नव्हते. हा सोवळ्याचाच भाग.

एम-३९०पासून सुरुवात करते, कारण अपेक्षा तिथे होती आणि फजितीही तिथेच झाली. हे ऑस्ट्रियातल्या ब्योलरचं पावडर पोलाद. वितळलेल्या पोलादाचा झोत वायूच्या माऱ्याने फोडून त्याची भुकटी करतात आणि ती प्रचंड दाबाखाली, उष्णतेत पुन्हा एकजीव करतात. त्यामुळे कार्बाइडचे (कार्बन आणि धातू मिळून होणारे, पोलादाहून कडक) कण बारीक राहतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. सुमारे १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम. कागदावर याहून जास्त काय मागायचं? पहिल्या आठवड्यात मात्र धार मंगळवारी लावली की गुरुवारी कागदावर अडखळायची. मी स्वतःलाच दोष दिला. कोन चुकला असेल, तार राहिली असेल. (धार लावताना कडेला धातूची जी उलटी पापडी येते, ती तार. ती नीट काढली नाही तर चाकू पाच मिनिटं वस्तऱ्यासारखा चालतो आणि मग एकदम बसतो.)

कारखान्यात पट्ट्यावर घासताना पात्याची कड तापते आणि तेवढ्याच भागाचं पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला कडकपणा, उतरतं, हे माहीत होतं. म्हणून तीनदा धार लावून वरचा थर काढून टाकला. थोडा फरक पडला, पण मनासारखा नाही. शेवटी कडकपणा तपासायच्या कानशी मागवल्या. प्रत्येक कानशीवर रॉकवेल सी मोजपट्टीचा एक आकडा असतो: ४०, ४५, असं करत ६५पर्यंत. पातं कानशीपेक्षा कडक असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. मऊ असेल तर चावते. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ जिथे दिसणार नाही अशा जागी, ५५ची कानस घसरली. ६०ची हलकेच चावली. भिंगाखाली बारीक ओरखडा स्पष्ट दिसत होता आणि कानशीच्या दातांत चंदेरी धूळ. म्हणजे पातं साठच्या खाली. हे पोलाद साठ ते बासष्टला नेलं तरच त्याची खरी लायकी दिसते. बनवणाऱ्यांना मेल केला. उत्तर आलं की ५८ ते ६० ही आमची ठरलेली मर्यादा आहे, पात्यात दोष नाही. बरोबरच आहे त्यांचं. शिक्क्यावर पोलादाचं नाव लिहितात. पाणी किती दिलं ते कुणीच लिहीत नाही, आणि मी पैसे मोजले होते ते नावाचे.

वर धार लावायचा ताप वेगळा. माझे दगड साधे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. व्हॅनेडियम कार्बाइड त्या दगडाच्या कणांपेक्षा कडक असतं. म्हणजे दगड कार्बाइडभोवतीचं पोलाद खातो आणि कार्बाइडला नुसता कुरवाळतो. पाऊण तास घासून हाताला मुंग्या आल्या तरी तार निघता निघेना, नुसती या बाजूची त्या बाजूला लोळायची. हिऱ्याच्या प्लेटा घेतल्यावर तेच काम पंधरा मिनिटांवर आलं. खर्च अर्थातच वाढला. महाग पोलाद घेताना त्याच्याबरोबर महाग दगडही घ्यावा लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी शिक्का वाचत असेन.

आता त्या दोन जुळ्यांकडे येते. माझं मत आधीच पक्कं होतं: डी-२ धार धरणार, १४सी२८एन म्हणजे ब्लेडचं पोलाद. त्यात अर्धं खरं होतं. १४सी२८एन हे दाढीच्या पात्यांसाठी बनलेल्या पोलादांच्याच कुळातलं. कार्बन जेमतेम ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि गंज लागू नये म्हणून जरासा नायट्रोजन. दाढीचं पातं म्हणजे माणसाला बनवता आलेल्या सर्वांत बारीक धारांपैकी एक, मग ते कमअस्सल कसं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. डी-२ मात्र साच्याचं पोलाद, दीड टक्के कार्बन, १२ टक्के क्रोमियम, आणि त्यातले कार्बाइडचे कण चांगले खड्यासारखे मोठे.

भावाला म्हटलं, दोन्ही शिक्क्यांवर काळी चिकटपट्टी लाव आणि एका मुठीवर दोरा बांध, कुठला कुठे ते मला सांगू नको. दोन्हींना मी एकाच बैठकीत, एकाच ठोकळ्यावर, दर बाजूला १७ अंशांची धार लावली. मग एक दिवस हा, एक दिवस तो. संध्याकाळी छपाईचा पातळ कागद कापून बघायचा आणि वहीत एक ओळ लिहायची. खरं तर दगडावर धार लावतानाच कळायला हवं होतं. डी-२ जरा खरखरीत लागतं म्हणतात. मला काही कळलं नाही. दोन आठवड्यांनी मी छातीठोक सांगितलं, दोरा बांधलेला तो डी-२, कारण तो पुठ्ठ्यात शेवटपर्यंत सहज जातो.

भाऊ हसला नाही, त्याचं मला जास्त लागलं. दोरा १४सी२८एनला होता.

मग व्हर्निअर काढला. धारेच्या लगेच वर, जिथून पातं जाड व्हायला लागतं, तिथली जाडी १४सी२८एनची ०.४ मिलिमीटर आणि डी-२ची ०.६५. एकच मॉडेल, एकच कारखाना, तरी घासणाऱ्याच्या हातात एवढा फरक. पातळ पातं बोथट झालं तरी पुठ्ठ्यात पाचरीसारखं अडत नाही. जाड पातं ताज्या धारेवरही पुठ्ठा फाकवत, कुरकुरत जातं. मी दोन आठवडे पोलाद म्हणून जे अनुभवत होते ती निव्वळ जाडी होती.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती: पोलाद काही नसतं, आकारच सगळं. पण मला चैन पडेना. दोन रविवार घालवून डी-२चं पातं हिऱ्याच्या प्लेटवर घासून ०.४वर आणलं. पातं पाण्यात बुडवत, तापू न देता, आणि मुठीत काळा चिखल घेऊन. मग पुन्हा तोच खेळ, या वेळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या मोजून. आता डी-२ पुढे गेला, साधारण तिसऱ्या हिश्श्याने. म्हणजे पोलादाचा फरक आहे, खरा आहे, आणि हाताला कळतो. फक्त तो रांगेत तिसरा-चौथा उभा असतो, आणि आधीचे सगळे जागच्या जागी असतील तेव्हाच पुढे येतो.

त्याची किंमतही लगेच कळली. एका खोक्यात स्टेपल लागली. १४सी२८एनला मागच्याच महिन्यात अशीच लागली होती तेव्हा धार नुसती लोळली होती. चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून वीस-तीसदा ओढल्यावर सरळ झाली. डी-२ची कपची उडाली. नखाला लागेल एवढा खळगा. तो काढायला त्या बाजूची सगळी कड खाली आणावी लागली, चाळीस मिनिटं गेली. मोठे कार्बाइड झिजेला तोंड देतात, पण धक्का बसला की भेग त्यांच्याच काठाने धावते. धार धरणं आणि धक्का सोसणं ही दोन्ही एकाच पोलादाकडून पूर्ण मिळत नाहीत. जवळपास दोन्ही मिळावीत म्हणून बनवलेली पोलादं आता आहेत. २०२१ साली आलेलं मॅग्नाकट त्यातलं सगळ्यात गाजलेलं: क्रोमियमचे कार्बाइड होऊच द्यायचे नाहीत, सगळं क्रोमियम गंजाविरुद्ध मोकळं ठेवायचं, अशी त्याची कल्पना. मी ते वापरलेलं नाही, म्हणून त्यावर गप्प बसते. पूर्वी बसले नसते.

या सोवळ्यात फॅशनही किती असते बघा. एस-३०व्ही हे पोलाद २००१मध्ये आलं तेव्हा चाकूसाठी याहून वर काही नाही असं बोललं जायचं. मग एस-३५व्हीएन आलं, एस-४५व्हीएन आलं, आणि एस-३०व्हीचं नाव काढलं की आता मंडळी "ठीक आहे" म्हणतात. पोलाद तेच, त्यातला कार्बन तेवढाच. आमचे डोळे वर सरकले.

शिरोगामीबद्दल लिहायला हात शिवशिवतोय, पण जपून लिहिते, कारण तिथे सोवळं उलट्या बाजूने असतं. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद. कारखान्यातून ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून येतं त्यावरून नाव पडलं. निळ्या कागदातलं ते आओगामी, त्यात टंगस्टन आणि क्रोमियम घालतात. शिरोगामीत जवळजवळ काही घालतच नाहीत, लोखंड आणि एक टक्क्याच्या आसपास कार्बन. आणि याचाच तोरा मिरवणारे लोक आहेत: स्टेनलेस म्हणजे आळशांचं, खरं पोलाद गंजतंच. मीही दोन महिने असंच बोलत होते. दोष धारेत नाहीच. दगडावर ती लोण्यासारखी येते, सात-आठ मिनिटांत, तार आपोआप गळून पडते, आणि पिकलेल्या टोमॅटोवर नुसतं वजन ठेवलं की साल फाटते. पण लिंबू कापून सुरी धुवायला पाच मिनिटं उशीर झाला की पात्यावर नारिंगी झाक. सफरचंदाच्या फोडींना लोखंडाचा वास. पहिला महिना कांदाही करडा पडायचा. नंतर पात्यावर निळसर-राखाडी पुट चढलं आणि हे सगळं बरंच शांत झालं. ते पुट मला आवडतं, खोटं कशाला बोलू. मात्र घाईच्या वेळी हात जातो तो त्या न मोजलेल्या जर्मन धाटणीच्या सुरीकडे. तिच्यात अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, कडकपणा पंचावन्न-छप्पन. धार लवकर लोळते आणि पोलादी कांडीवर चार-सहा हात मारले की परत उभी राहते. घरातलं कुणीही ती वापरतं, सिंकमध्ये टाकतं, हाडावरही चालवतं. शिरोगामीला मी कुणाला हात लावू देत नाही. तेव्हा रोजचं काम नक्की कोण करतंय?

आजची स्थिती अशी. एम-३९०ची धार मी १७वरून २० अंशांवर नेली. कड जराशी जाड झाल्यावर लोळणं कमी झालं आणि आता तो आठवडाभर बरा चालतो. दोष नाही म्हणाले ते ठीक, पण त्या पैशात त्याच बनवणाऱ्यांकडून पुन्हा घेणार नाही. खिशात रोज असतो तो १४सी२८एन. कारण साधं आहे: रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटांत धार लागते, म्हणून ती लावली जाते. बाकीच्यांची रविवारपर्यंत थांबते.

आणि डी-२. परीक्षा संपली तरी शिक्क्यांवरच्या चिकटपट्ट्या मी काढल्याच नव्हत्या, आळस. मागच्या आठवड्यात काढल्या. १४सी२८एनचा शिक्का जसाच्या तसा. डी-२मध्ये बारा टक्के क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, म्हणून ते धड स्टेनलेस नाही. पट्टीखाली घाम कोंडला होता, आणि लेझरने कोरताना धातू भाजतो तिथे गंज आधी धरतो. बाकी पातं स्वच्छ होतं. गंज बरोबर अक्षरांच्या खाचांत होता. बारीक पॉलिश पेपर आणि तेल घेऊन घासलं, तर गंजाबरोबर अक्षरंही अर्धी गेली. आता तिथे काय लिहिलंय ते भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नाही.