चार मोफत पास आणि गेलेले पंचाहत्तर हजार

आमचे ७५ हजार रुपये गेले ते एका वॉटर पार्कच्या चार मोफत पासांपायी. हे लिहिताना अजूनही जिवाला लागतं. पण उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली आहे, आणि मागच्याच आठवड्यात माझ्या शेजारणीला अगदी तसाच फोन आला. म्हणून घडलं ते पहिल्यापासून सांगते.

आम्ही चिंचवडला राहतो. दोघंही नोकरीला. तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, मुलगी चारची. मे महिन्यात मुलांना एकदा तरी मोठ्या पार्कात न्यायचं ठरलं होतं, आणि रोज रात्री जेवताना तोच विषय. माझ्या डोक्यात गोराई होतं. सहावीत असताना आमच्या शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क म्हणजे आमच्या पिढीला केवढं अप्रूप! खाडी ओलांडायला बोट, बोटीतून उतरल्यावर ते गेट. त्याच्याच शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम झालं. पण चिंचवडहून गोराई म्हणजे मुंबई पार करून जायचं, तेही चार वर्षांच्या मुलीला घेऊन. नवरा म्हणाला, द्रुतगती मार्गाने खोपोलीला इमॅजिका आहे, लोणावळ्याला वेट एन जॉय आहे, सकाळी निघून रात्री घरी येऊ. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या म्हणत होत्या, धाकटीला अजून काय कळतंय, तिला निगडीच्या अप्पू घरात नाहीतर पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीत बसवून आणा. त्यांचं तेव्हा ऐकलं नाही.

तिकिटं, जेवण, लॉकर, पाण्यात घालायचे नायलॉनचे कपडे, जाण्यायेण्याचं पेट्रोल असा सगळा हिशोब सात-आठ हजारांवर जात होता. आमच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती, आणि नेमकी तिथेच आम्ही गळाला लागलो.

एका रविवारी मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशी दोन मुलं कूपनं भरून घेत होती. एक लहानसं टेबल, काचेचा डबा, पाठीमागे पार्कच्या घसरगुंड्यांचं मोठं पोस्टर. ‘मॅडम, फक्त नाव आणि नंबर, लकी ड्रॉ आहे, पैसे काहीच नाहीत.’ माझ्या मुलीला त्यांनी फुगा दिला. मी कूपन भरलं. त्यात नवराबायकोचं वय, दोघांची नोकरी, मुलं किती, क्रेडिट कार्ड आहे का, हेही रकाने होते. पार्कच्या सोडतीला क्रेडिट कार्डाची माहिती कशाला, हा प्रश्न तेव्हा मनात आला होता. गर्दी होती, मुलगी हात ओढत होती, मी ‘हो’वर खूण केली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘अभिनंदन ताई, तुमच्या कुटुंबाला वॉटर पार्कचे चार पास लागलेत. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हॉटेलवर येऊन घेऊन जा. दोघांनी जोडीने यायचं हं, एकट्याला पास देत नाहीत. मुलांनाही आणा, त्यांच्यासाठी खेळ ठेवलेत.’ जोडीने येण्याची अट मला साधी वाटली. त्यामागचं कारण मला त्या हॉलमध्ये बसल्यावर कळलं. एकटं माणूस ‘घरी विचारून सांगते’ म्हणून उठू शकतं. दोघं समोर असली की विचारायला घरी कोणी उरतच नाही.

हायवेवरच्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक गोल टेबलं होती आणि गाणी इतक्या मोठ्याने लावलेली, की शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येऊ नये. एक मुलगी आमच्या मुलांना कोपऱ्यात चित्रं रंगवायला घेऊन गेली. आमच्यासमोर एक तरुण येऊन बसला. अतिशय गोड बोलणारा. पहिला अर्धा तास त्याने काही विकलंच नाही. गाव कुठलं, लग्नाला किती वर्षं झाली, हनिमूनला कुठे गेला होतात, हेच चाललं होतं. मग त्याने हळूच विचारलं, ‘गेल्या तीन वर्षांत मुलांना किती वेळा फिरायला नेलंत?’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोकणात मामाकडे एकदा, बस. ‘मुलं दहा वर्षांनी तुमच्याबरोबर येणार नाहीत सर. आत्ता आहे तेवढंच.’ तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर ते वाक्य लागलं. आमच्या मनात आधीच असलेली खंत त्याने बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

मग अल्बम आला. दहा वर्षांचं सभासदत्व, वर्षाला सहा रात्री, देशभर हॉटेलं, वर दरवर्षी कुटुंबाला पार्कचे पास. किंमत १ लाख ३५ हजार. आम्ही नको म्हणालो. त्याने कोऱ्या कागदावर आकडे मांडले: दहा वर्षांत तुम्ही हॉटेलांवर इतके घालवणार, पार्कांवर इतके. तरी नको म्हणालो. मग त्याचा मॅनेजर आला. तो येताना दुसऱ्या एका टेबलावर घंटा वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माइकवरून एका जोडप्याचं अभिनंदन झालं. मॅनेजर म्हणाला, ‘तुमच्यासाठी ७५ हजार. पण आजच. ह्या हॉलच्या बाहेर पाऊल टाकलंत की ही ऑफर संपली.’

तोवर साडेआठ वाजले होते. दीड तास सांगून आमचे साडेतीन तास गेले होते. मुलगी भुकेने रडायला लागली होती, आणि पास शेवटी मिळतील म्हणून आम्ही उठत नव्हतो. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ही गोष्ट मला लपवायची नाही. नवऱ्याने एकट्याने सही केली असं नातेवाईकांत बोललं गेलं, ते खरं नाही. मीही हो म्हटलं होतं. २० हजार डेबिट कार्डावरून भरले, उरलेले ५५ हजार क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत. करारपत्र तेरा पानांचं, इंग्रजीत, बारीक टाइपात. ‘इथे, इथे आणि इथे’ असं बोट ठेवून त्यांनी सह्या घेतल्या. वाचायला मागितलं तर ‘घरी निवांत वाचा, प्रत देतोच आहे’ म्हणाले. निघताना लाल फोल्डर हातात आलं आणि त्यात चार चकचकीत पास. गाडीत बसल्या बसल्या धाकटीने त्यातल्या एकावर स्केचपेनने आपलं नाव लिहिलं. नुकतीच शिकली होती नाव लिहायला.

पुढच्या शनिवारी आम्ही पहाटे उठून निघालो. पार्कच्या गेटवर रांग मोठी होती. काउंटरवरच्या मुलाने पास उलटसुलट करून पाहिले, आतल्या माणसाला दाखवले आणि म्हणाला, ‘मॅडम, हे आमचे नाहीत. ह्या कंपनीशी आमचा काही व्यवहार नाही. यावर नंबर आहे ना, तो आमच्या सिस्टिममध्ये येतच नाही.’ पासवरच्या क्रमांकावर फोन केला. आधी कोणी उचलला नाही. मग एका बाईने सांगितलं, पास सोमवार ते गुरुवारच चालतात, मे महिन्यात आणि सणांच्या दिवशी चालत नाहीत, शिवाय पंधरा दिवस आधी ईमेल करून नोंदणी करावी लागते. म्हणजे पार्क म्हणतं पासच नाहीत, आणि कंपनी म्हणते पास आहेत पण आज नाहीत. मुलगा शांतपणे ऐकत उभा होता. त्याला सगळं कळत होतं, हे मला जास्त झोंबलं.

मुलांना तिथून परत आणणं शक्य नव्हतं. तिकिटं काढून आत गेलो. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं, आणि मोठ्या राइडलाही उंचीचीच अट असते. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी. धाकटी दिवसभर त्या पट्ट्यांना पाठ लावून उभी राहत होती आणि प्रत्येक ठिकाणी ‘नाही बाळा’ ऐकत होती. हॉलमधल्या त्या तरुणाला मी नेमकं विचारलं होतं, चार वर्षांच्या मुलीला काय काय खेळता येईल. ‘सगळं, ताई, सगळं अलाउड आहे.’ पार्कला एक फोन केला असता तर हेही कळलं असतं आणि पासाचं खोटंही.

त्या रात्री आम्ही तेरा पानं वाचली. रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. हॉटेल ‘उपलब्धतेनुसार’. दरवर्षी ६,५०० रुपये देखभाल शुल्क, ते थकलं तर त्या वर्षाच्या रात्री रद्द. विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीला बंधनकारक नाही, हे नवव्या पानावर. पार्कच्या पासांचा तर तेरा पानांत कुठे उल्लेखच नव्हता. आम्ही ज्याच्यासाठी गेलो होतो ते कागदावर नव्हतंच.

पुढचं थोडक्यात सांगते, पण ज्यांच्या घरात असं लाल फोल्डर पडलंय त्यांनी हा भाग नीट वाचावा. मी आधी १९३० वर फोन केला. तो नंबर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. कोणी खोट्या वेबसाइटवर तिकिटाचे पैसे उकळले तर तिथे लगेच, त्याच तासात, फोन करायलाच हवा. आमचं प्रकरण वेगळं पडलं, कारण पिन आम्हीच दाबला होता आणि सह्या आमच्या होत्या. बँकेनेही तेच कारण सांगितलं आणि हप्ते चालू राहिले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यांनी कंपनीला कळवलं. कंपनीने उत्तरात आमच्या सह्यांची पानं पाठवली.

करारात लिहिलं होतं की वाद झाला तर तो दुसऱ्या राज्यातल्या शहरातच चालवावा लागेल. ते वाचून नवरा हताश झाला होता. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, हे एका ओळखीच्या वकीलताईंनी सांगितलं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची, म्हणून ‘जाऊ दे, बघू’ म्हणत बसू नका. आम्ही जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन मुद्द्यांवर तक्रार केली. सोबत कूपनच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, फोन कॉलची यादी, कार्डाच्या पावत्या, करारपत्र, आणि त्या दिवशी पार्कवर आम्ही काढलेली तिकिटं. ती तिकिटं मी रागाने फेकणार होते. नवऱ्याने ठेवायला सांगितली, ते बरं झालं, कारण पास असताना त्याच दिवशी आम्हाला पैसे मोजावे लागले, हे त्यांच्यामुळेच दाखवता आलं.

शेजारणीला फोन आला तेव्हा मी तिला एवढंच करायला लावलं: पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन तिथे विचार, ह्या नावाच्या कंपनीचे पास घेता का. दोन मिनिटांत ‘नाही’ आलं. पार्कांच्या स्वतःच्या सवलती असतात. आठवड्यातल्या मधल्या दिवशी तिकीट बहुधा स्वस्त पडतं, शाळांच्या गटांसाठी वेगळे दर असतात. ते सगळं तिथेच विचारून मिळतं, त्यासाठी कुठल्याही हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसावं लागत नाही. आणि कोणी गेलंच असेल, तर बिनदिक्कत उठून या. ‘मुलांसाठी म्हणून बसलो’ हे मी स्वतःला फार दिवस सांगितलं. मुलं तर भुकेली, रडवेली कोपऱ्यात बसली होती.

सासूबाईंनी आम्हाला एका शब्दाने टोचलं नाही. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, त्याच मुलांना घेऊन पेशवे पार्कात गेल्या. १९५६ पासून धावणारी ती छोटी आगगाडी धाकटीला इतकी आवडली की ती तीनदा बसली. तिथे तिला उंची मोजायला कुठे उभं राहावं लागलं नाही.

प्रकरण अजून चालू आहे. कंपनीच्या बाजूने दोन तारखांना कोणी आलं नाही, तिसऱ्या तारखेला वकील आले आणि मुदत मागून गेले. हप्ते मात्र बाराच्या बारा फिटले. आयोगापुढच्या फाइलमध्ये चारही मूळ पास प्लॅस्टिकच्या पाकिटात जोडले आहेत. त्यातल्या एकावर हिरव्या स्केचपेनने, अक्षरं उलटसुलट होत, धाकटीचं नाव लिहिलेलं आहे.