फिनिशिंग पॉलिश सांगून ओरखडे झाकणारं ग्लेझ फासलं, ₹31,500 घेतले

गाडीचे ओरखडे काढून त्यावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे संरक्षक थर, लावायच्या पॅकेजचे ₹28,000 आणि वर ‘इम्पोर्टेड जर्मन फिनिशिंग पॉलिश’चे ₹3,500. एकूण ₹31,500. एवढे पैसे मोजून माझ्या काळ्या होंडा सिटीवर आज जेवढे ओरखडे आहेत, तेवढे काम करून घेण्याआधीही नव्हते. बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, इतका घासला गेलाय की आता तिथे पॉलिशची मशीन लावायची हिंमत कोणी चांगला माणूस करणार नाही. संताप तर आहेच, पण लाजही वाटते. ऑफिसमधल्या लोकांना मी अजून सांगितलेलं नाही. तरी लिहितोय, कारण पेंट करेक्शन (म्हणजे रंगावरचे ओरखडे घासून काढणं) आणि सिरॅमिकचे बोर्ड आता पुण्यात जिकडेतिकडे दिसतात आणि पुढचा माणूस माझ्यासारखाच विश्वास ठेवून आत जाणार आहे.

काळी गाडी असणाऱ्यांना माझं दुखणं लगेच कळेल. सोसायटीत गाडी पुसणारा एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो, त्या फडक्यातली माती क्लिअर कोटवर गोल गोल फिरते, आणि वर्षभरात उन्हात बॉनेटकडे बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे स्वर्ल, म्हणजे बारीक गोल ओरखडे, दिसायला लागतात. मला ते काढायचे होते, बस. मेव्हण्याच्या ओळखीतून पिंपरी-चिंचवडच्या एका डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाड्या चकचकीत करून देणाऱ्या दुकानात, गेलो. नाव इथे देत नाही, वकिलांनी देऊ नका म्हणून सांगितलंय. एसी, चकचकीत इपॉक्सी फरशी, छताला षटकोनी एलईडी दिवे. ते दिवे मला फार आवडले होते. आता सांगतो, त्या पसरट उजेडात गाडी सुंदर दिसते आणि स्वर्ल लपतात. स्वर्ल बघायचे तर एका ठिकाणाहून येणारा प्रखर उजेड लागतो, म्हणजे ऊन किंवा साधी टॉर्च. खिशातल्या मोबाइलची टॉर्चसुद्धा चालते. गाडी ताब्यात घेताना ती लावल्याशिवाय कुठल्याही स्टुडिओतून बाहेर पडू नका.

मी काही न वाचता गेलो नव्हतो, हे मला ठासून सांगायचंय. थ्री स्टेज म्हणजे काय, हे मला माहीत होतं. आधी कंपाउंडने कटिंग, मग मधलं पॉलिश, मग फिनिशिंग. कंपाउंड क्लिअर कोटचा वरचा थर घासून ओरखडे काढतं, पण जाताना स्वतःचा धुरकटपणा मागे ठेवतं. लोकरीचा (वूल) पॅड आणि रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी जोरकस मशीन, वापरली तर होलोग्रामही येतात, म्हणजे उन्हात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणा. तो धुरकटपणा आणि होलोग्राम काढायचं काम फिनिशिंग पॉलिशचं. बारीक अब्रेसिव्ह (घासणारे कण), मऊ फोम पॅड, डीए मशीन (ड्युअल ॲक्शन, फिरता फिरता हलणारी सौम्य मशीन), हलका दाब. गडद आणि मऊ रंगावर सगळा खेळ या शेवटच्या पायरीचा असतो, म्हणून तर मी ₹3,500 जास्त द्यायला तयार झालो. मेग्वायर्स कंपनीचं 205 पॉलिश घेऊ की मेंझर्ना या जर्मन कंपनीचं 3800, यावर मी मालकाशी बराच वेळ बोललो. तो माणूस अडखळला नाही. “दादा, काळ्या गाडीला 3800च. जर्मन माल आहे, फिनिश बघाल तर आरसा विसराल.” त्याला विषय येत होता. म्हणूनच मी फसलो. विषय न येणारा माणूस मला फसवू शकला नसता.

डिकीवर मास्किंग टेप लावून अर्ध्या भागाचा डेमोही दिला. एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला काळाभोर आरसा. तो डेमो कशाने केला होता, हे आता कळतंय. टेप डेमो बघितलात तर चमकलेल्या अर्ध्या भागावर तिथेच, तुमच्यासमोर, अल्कोहोलचा हात मारायला सांगा, म्हणजे वरचं तेल निघून खालचं खरं दिसेल. नाही म्हणाला तर चावी घ्या आणि निघा.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही.

काम चालू असताना मी दुपारी मुद्दाम बघायला गेलो होतो. फिनिशिंग चालू होतं. एक पोरगा हातात स्पंजचा ॲप्लिकेटर घेऊन बॉनेटवर काहीतरी पांढरं पसरवत होता, थोडं सुकू देत होता आणि मायक्रोफायबरने पुसत होता. मशीन भिंतीला टांगलेली होती, पॅड कोरडा होता. मी विचारलं, “मशीन नाही लावत?” मालक म्हणाला, “सर, लास्ट स्टेज हातानेच. मशीनने होलोग्राम येतात.” यातलं अर्धं खरं आहे. रोटरीने होलोग्राम येतात, नक्कीच येतात. पण ते काढण्यासाठीच डीएवर मऊ पॅड लावून फिनिशिंग करायचं असतं. रोटरीने केलेला कचरा हाताने चोळून निघत नाही, तो फक्त झाकला जातो.

बाटलीवर लेबल नव्हतं. साधी पांढरी बाटली, तिच्यावर मार्करने ‘फिनिश’ लिहिलेलं. जर्मन बाटली शेल्फवर शोभेला उभी होती आणि तिचं सीलही फोडलेलं नव्हतं. मी तेही विचारलं. “मोठ्या कॅनमधून काढतो सर, लहान बाटली परवडत नाही.” हेही अर्धं खरं, कारण वर्कशॉपमध्ये माल खरंच मोठ्या कॅनमधून काढतात. बोटाला लावून बघितलं तर तेलकट लागलं. “फिनिशिंग पॉलिश तेलकट असतंच.” असतंच! पॅड नीट फिरावा म्हणून त्यात तेल असतं, हे मी स्वतः वाचलेलं होतं. शेवटी म्हटलं, गाडी जरा उन्हात घेऊ. तर उत्तर तयार: “पॅनल तापला तर कोटिंग धरणार नाही.” पॅनल थंड हवा, हेही बरोबरच आहे. प्रत्येक उत्तरात एवढं सत्य होतं की नाही म्हणायला जागाच राहिली नाही. समोर मशीन कोरडी, बाटली कोरी, आणि मी मान डोलावत उभा. मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतंत? माणूस शास्त्र बरोबर सांगतोय, ओळखीतला आहे, गाडी अर्धी उघडून ठेवलीय, दाराच्या रबरांना टेप लावलाय. तिथून गाडी परत आणतो का कोणी?

त्या बाटलीत ग्लेझ होतं. ग्लेझ ही काही वाईट वस्तू नाही. त्यातलं तेल आणि फिलर ओरखड्यात बसतात, उजेड विखुरत नाही आणि रंग खोल दिसतो. प्रदर्शनाच्या दिवशी लोक मुद्दाम लावतात. पण ते चार धुण्यात जातं. ते लावून त्याला करेक्शन म्हणणं आणि करेक्शनचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे. आणि वर म्हणे तीन वर्षांचं 9एच सिरॅमिक. तेलाच्या थरावर कोटिंग धरतच नाही. कोटिंगआधी पॅनल वाइप नावाच्या द्रवाने तेल काढायचं असतं, पण तेल काढलं असतं तर खालची जाळी उघडी पडली असती, म्हणून ती पायरीच गाळली. (9एच हा पेन्सिलच्या कडकपणाचा मापदंड आहे. फडक्यातल्या मातीपासून तो गाडी वाचवत नाही. हा आकडा ऐकून एक रुपयाही जास्त देऊ नका.)

पैसे असे गेले. ₹10,000 आगाऊ, ₹21,500 गाडी घेताना, दोन्ही यूपीआयने. स्क्रीनवर स्टुडिओचं नाव आलं नाही, कुणा खासगी व्यक्तीचं आलं. बिल मागितलं तर म्हणाला, 18 टक्के जीएसटी लागेल, ₹5,670 वर द्या. मी नको म्हटलं. घरी बायकोने पहिला प्रश्न तोच केला, “अहो, बिल कुठंय?” मी तिच्यावर चिडलो. आपल्याकडे किती जण एवढ्या कामाला पक्कं बिल घेतात? पण आज सांगतो, ते ₹5,670 द्या. भांडून कमी करून घ्या, पण बिल घ्या, आणि बिलावर पॉलिशचं नाव, पायऱ्या आणि मशीनचा उल्लेख लिहून घ्या. मला मिळालं एक लॅमिनेट केलेलं वॉरंटी कार्ड, त्यावर ना शिक्का ना नोंदणी क्रमांक.

पाऊस सुरू झाला, गाडी काही वेळा धुतली, आणि एका सकाळी पार्किंगच्या उन्हात बॉनेटवर जुनं जाळं परत दिसलं. त्यावर नवे होलोग्राम, रोटरी जशी फिरली तशा लाटा. फोन केला. आधी म्हणाला तुम्ही शॅम्पू चुकीचा वापरला. मग म्हणाला मेंटेनन्स कोट घ्या, ₹4,500. मग फोन उचलणंच बंद.

दुसऱ्या डिटेलरने तपासणीचे ₹500 घेतले आणि काय केलं तेही दाखवलं. मागच्या खांबावर, जिथे धुताना फारसा हात लागत नाही, तिथे पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. पुसलेल्या पट्टीत स्वर्ल लख्ख दिसायला लागले, बाजूचा भाग अजून चमकत होता. मग मायक्रॉन मीटर, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र. बॉनेटच्या मधे 110, पुढच्या कडेला 84. हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो, त्यात क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. “साहेब, कडेला रोटरी दाबून धरली आहे. इथे आता काही करू नका. ऊन खाऊन सोलवटलं तर रंगवावंच लागेल.” काम देण्याआधी मीटरचं रीडिंग घेऊन, फोटो काढून ठेवा. माझ्याकडे आधीचं रीडिंग नाही, आणि समोरचा आता म्हणतोय की गाडी कंपनीतूनच तशी आली असेल.

यानंतर जे झालं त्याचा राग तर चोरावरच्या रागाहून मोठा आहे.

पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी बाहेर येऊन गाडी बघितली आणि म्हणाले, “चमकतेय की!” गाडी ढगाळ हवेत उभी होती, ती चमकणारच. मग म्हणाले हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, जी वस्तू लावतो सांगून पैसे घेतले ती लावलीच नाही, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? जुनं 420, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318. ते म्हणाले, कलमं आम्हाला शिकवू नका, आणि स्टुडिओ आमच्या हद्दीत येत नाही. ज्यांच्या हद्दीत येतो त्यांनी बिल मागितलं. बिल नाही म्हटल्यावर अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. अर्जाची पोच मागणं हा काय गुन्हा आहे? बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, त्यामुळे हा फ्रॉड धरता येत नाही. एका तक्रार केंद्राने स्टुडिओचा जीएसटी क्रमांक मागितला. तो असता तर मी तक्रारीची सुरुवात तिथून केली असती! शेवटी ‘समोरच्याकडून प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून माझी तक्रार बंद केली. प्रतिसाद नाही म्हणूनच मी तुमच्याकडे आलो होतो ना? आणि या धंद्यावर लक्ष ठेवणारं कोण आहे? थोडेच कामगार असतील तर महाराष्ट्रात दुकान उघडायला नोंदणी लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. कोणीही रोटरी विकत घेतो, लोकांच्या लाखोंच्या गाड्या घासतो आणि उद्या बोर्ड बदलतो. बिल न देणाऱ्याला कोणी विचारत नाही, बिल नसणाऱ्याला मात्र प्रत्येक टेबलावरून परत पाठवतात.

आणि हे यातल्या कोणी मला सांगितलं नाही, वकिलांकडून कळलं: ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेचं बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणजे ज्या कारणाने मला हाकललं, तोच त्याच्याविरुद्धचा मुद्दा आहे. ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं “3800च लावतो सर” हा संदेश, वॉरंटी कार्ड आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं. व्हॉट्सॲप संभाषण डिलीट करू नका, रागाच्या भरातसुद्धा नाही. फोनवर बोललात तर लगेच तेच लिहून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आहे. मागणी ₹31,500 अधिक तपासणीचे ₹500 अधिक बॉनेट रंगवण्याचे ₹9,000, एकूण ₹41,000. उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत दिली आहे. ती संपली की आयोगात तक्रार दाखल करतोय. बॉनेट सध्या तसंच ठेवलंय, कारण रंगवलं तर पुरावा जाईल.