निळा दिवा पाहून ४० हजार मोजले

गेल्या मे महिन्यात एका रात्री साडेअकराला मी घरातला कुलर बंद केला. त्याची घरघर सुरू असली की बारीक आवाज कानात शिरत नाहीत. घामाने निथळत, हेडफोन लावून एक जुनं नाट्यपद ऐकत होतो, ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं. गळा ओळखीचा, चाल ओळखीची, पण तबकडीची खरखर काही केल्या पटेना. ओल्या फडक्याखाली कोणी दाबून धरल्यासारखी ती मऊ, मुकी झाली होती. आमच्या घरी बाबांच्या तबकड्या वाजायच्या. ती खरखर कशी चरचरीत असते हे मला पाठ आहे.

हे पद ज्या हार्ड डिस्कवर होतं, ती मी नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानदाराने आधी डॅक, म्हणजे डिजिटल फाइलचा आवाज करणारं यंत्र, मांडलं. स्वतःच्या फोनवरून एक गाणं लावलं. यंत्रावर निळा दिवा लागला. "पाहा न सर, निळा म्हणजे स्टुडिओतला ओरिजिनल मास्टर. दिवा खोटं नाही बोलत जी." डॅकचे २६ हजार. त्यावर १४ हजारांत एक हार्ड डिस्क, "सगळं नाट्यसंगीत अन् ख्याल, मास्टर क्वालिटीत." पैसे मी यूपीआयने दिले. हाती आली ती कच्ची चिठ्ठी, तिच्यावर फक्त "डॅक + डिस्क". पक्कं बिल मागितलं नाही, आणि आज सगळ्यात जास्त तेच नडतंय.

त्या दिव्याचा अर्थ मला नंतर कळला. तो एमक्यूए नावाच्या फाइल-फॉरमॅटचा दिवा. हा फॉरमॅट ब्रिटनच्या बॉब स्टुअर्ट यांनी २०१४ मध्ये आणला. जास्त रिझोल्यूशनचं संगीत घडी घालून लहान फाइलमध्ये बसवायचं आणि परवाना घेतलेल्या यंत्राने ती घडी उलगडायची, अशी कल्पना. २०१७ पासून टायडल ही ऑनलाइन गाणी ऐकवणारी सेवा तो वापरू लागली. धंतोलीत आमची रविवारची ऐकणाऱ्यांची बैठक असते, तिथे यावरून आवाज चढायचे. एका बाजूचं म्हणणं, स्टुडिओत झालं तसंच घरी पोचल्याची खात्री मिळते. दुसरी बाजू म्हणायची, घडी घालताना मूळातलं काही कायमचं जातं, आणि कुलूप कंपनीचं असल्यामुळे काय गेलं ते आपल्याला तपासताही येत नाही. २०२१ मध्ये एकाने स्वतःची चाचणीची रेकॉर्डिंग टायडलवर चढवून मूळ फाइलशी ताडून पाहिली. फरक निघाला, तरी तिच्यावर मास्टरचा शिक्का होताच. मी तेव्हा पहिल्या बाजूचा होतो. आता नाही. दिवा फार तर एवढं सांगतो की फाइल एमक्यूएमध्ये बांधली आणि वाटेत बदलली नाही. बांधण्याआधी ती काय होती, हे तो सांगत नाही.

शिवाय मला हे विकलं तोवर त्या दिव्याचा मुख्य उपयोगच संपला होता. एमक्यूए कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, सप्टेंबरात कॅनडाच्या लेनब्रुकने तिची मालमत्ता घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये टायडलने तो फॉरमॅट काढून फ्लॅक घेतला. फ्लॅक खुला आहे, मूळातलं काही टाकत नाही आणि त्याला खास दिवा लागत नाही. दुकानदाराने यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

घरी डिस्कवरच्या एकाही गाण्याला निळा दिवा लागला नाही. फोन केला तर म्हणे, "जुनं रेकॉर्डिंग आहे न सर, त्याला नाही लागत." मी गप्प बसलो. शेवटी भाच्याने लॅपटॉपवर स्पेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम, जो फाइलीतला आवाज किती वरपर्यंत जातो ते चित्रात दाखवतो, तो उघडला आणि ती खरखरीची फाइल त्यात ओढली. नावापुढे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. अशा फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. पडद्यावर खाली जांभळा-लाल रंग, १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ, आणि तिच्या वर नुसता काळोख. भाचा म्हणाला, "मामा, ही १२८ची, म्हणजे हलक्या दर्जाची एमपीथ्री आहे, फक्त मोठ्या डब्यात भरलीय." गाण्यात तितक्या वरचे स्वर नसतील, हे मी समजू शकतो. पण तबकडीची खरखर रेघ पाहून थांबत नसते. ती खरी उतरवली असती तर रेघेच्या वरही दिसली असती. आम्ही ४० फाइली पाहिल्या. ३७ मध्ये तीच रेघ.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पडद्याकडे पाहिलंही नाही. "कान तयार व्हायला वेळ लागतो सर." या गाण्यांचे हक्क तुमच्याकडे आहेत का, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्या दिवशी विचारला, तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तुम्हाला कोणी "मास्टर" म्हणून फाइली विकत असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पाच फाइली स्पेकमध्ये उघडा. दोन मिनिटं लागतात. नाही म्हणाला तर उठून या. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर फाइलींचं वर्णन लिहून घ्या.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवतोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत २ वर्षांची आहे. कच्ची चिठ्ठी, यूपीआयची पावती आणि ३७ फाइलींची चित्रं छापून ठेवलीत. डिस्क पुसलेली नाही, कपाटात तशीच आहे.