बेडकाच्या टाकीत लेका बॉल्स : नऊ महिन्यांनंतर

डिसेंबरात टाकी लावली, आता ऑगस्ट संपत आलाय. 45×45×60 सेंटीमीटरची काच, आत मनीप्लांट, सिंगोनियम आणि एक व्हाइट्स ट्री फ्रॉग. तळाला 5 सेंटीमीटर लेका बॉल्स (भाजलेल्या मातीच्या हलक्या, सच्छिद्र गोळ्या), म्हणजे साधारण 10 लिटर. वर फायबरग्लासची मच्छरजाळी आणि तिच्यावर कोकोपीट, ऑर्किडची साल, कोळसा. नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाले, म्हणून लिहितोय.

गोळ्यांबद्दल तक्रार नाही. धुताना चार पाणी लालच गेलं, पण एकही गोळी फुटली नाही. विटांचे तुकडे टाकले असते तर स्टँडला वजन पेललं नसतं.

मला भीती मे महिन्याची होती. बाहेर 45 अंश आणि हवा कोरडी ठाक. पण खोलीत दिवसभर कूलर, त्यामुळे हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, 60 टक्क्यांच्या खाली क्वचितच गेला. तरी वरचं कोकोपीट सुकलेलं दिसलं की मी फवारायचो, दिवसातून तीनदा. ते सगळं पाणी खाली साठत होतं. मला दिसलं नाही, कारण गोळ्या दिसू नयेत म्हणून मी तळाच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवला होता. तुम्ही तो मुळीच लावू नका.

जुलैत आई म्हणाली, "अरे, कूलरची टाकी धुतली नाहीस का? वास येतोय." कूलर धुतलेला होता. कागद काढला तर पाणी जाळीच्याही वर! कोकोपीट वातीसारखं ते ओढून घेत होतं. मनीप्लांट उपटला, तर मुळं तपकिरी. चिमटीत धरताच साल सुटून आतला धागा तेवढा हातात राहिला. बेडूक तीन रात्री काचेवरून खाली उतरला नव्हता. त्याकडे मी आधीच लक्ष द्यायला हवं होतं.

जाळीला कोपऱ्यात भोक पाडून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत उभा केला, खालच्या टोकाला खाचा पाडून. त्यातून एअर पंपची नळी सोडली, सिरिंजने ओढून सायफन सुरू केला. बादलीत चार लिटर पाणी आलं, कोऱ्या चहासारखं.

गोळ्यांच्या थराने माती कोरडी राहते असा माझा समज होता. बारीक मिश्रण पाणी धरून ठेवतं, पुरतं भिजल्याशिवाय खाली सोडतच नाही. थर फक्त जादा पाण्याला मुळांपासून लांब जागा देतो, आणि ती जागा आपणच रिकामी करायची असते. आता पाणी 2 सेंटीमीटरवर गेलं की काढतो. पावसाळ्यात फवारा रात्री एकदाच, झाकण निम्मं जाळीचं, म्हणजे काचेवरची वाफ दुपारपर्यंत उतरते. हा बेडूक मूळचा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, तिथल्या कोरड्या भागांतही राहतो. त्याला चिंब टाकी नकोच असते.

पुढची टाकी लावताना पाइप पहिल्या दिवशीच बसवीन आणि साल जास्त घालीन, कारण कोकोपीट नऊ महिन्यांत बोटभर खाली बसलंय. मनीप्लांट नव्याने लावलाय. परवा त्याचं एक पांढरं मूळ काचेला टेकलेलं दिसलं, पाण्याच्या बरंच वर.