फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचाय: कॉर्ड घ्यावी की ट्रिगर?

पहिला बाहेरचा फ्लॅश घेतला की तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवायचा, तोंड छताकडे करायचं आणि बाउन्स मारायचा, म्हणजे उजेड छतावरून परत खाली पाडायचा, हे सगळेच शिकवतात. पांढऱ्या स्लॅबच्या खोलीत ते छान जमतं. पण खान्देशातल्या लग्नसराईत असं छत मिळतं किती वेळा? मांडवात वर पिवळं-गुलाबी कापड असतं, त्यावरून उतरलेला उजेड नवरीलाही गुलाबी करून टाकतो. तो गुलाबीपणा नंतर कॉम्प्युटरवर काढायला जावं तर हळदीचा पिवळा रंगही बिघडतो. धाब्याच्या घरात वर धुराने काळवंडलेली लाकडं, ती उजेड गिळतात. वरातीत तर वर नुसतं आभाळ. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की मे महिन्याचा घाम कपाळावर चकाकतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते.

म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणं भाग आहे. प्रश्न एवढाच, की कॉर्डने, म्हणजे वायरने जोडायचा की रेडिओ ट्रिगरने, म्हणजे बिनतारी संदेशाने फ्लॅश उडवणाऱ्या यंत्राने. माझं मत आधीच सांगतो: एकटे काम करत असाल, गर्दीत घुसत असाल आणि फ्लॅश डाव्या हातात धरणार असाल तर कॉर्ड. स्टँड लावणार असाल किंवा फ्लॅश धरायला सोबत एखादा पोऱ्या असेल तर ट्रिगर.

कॉर्ड ही साधी वस्तू आहे. गुंडाळीची वायर, एक टोक कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत बसतं, दुसऱ्या टोकावर फ्लॅश. शूमधल्या सगळ्या पिनांचे संदेश वायरीतून जातात, त्यामुळे टीटीएल (भिंगातून उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं), हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरलाही फ्लॅश चालणं), फ्लॅशचं कमी-जास्त, सगळं फ्लॅश डोक्यावर असल्यासारखंच चालतं. तिला बॅटरी लागत नाही, ट्रिगरसारखं रेडिओचं चॅनल लावावं लागत नाही. दुकानात ‘सिंक कॉर्ड’ म्हणून जी बारीक पीसी वायर देतात ती मात्र वेगळी. ती फ्लॅशला फक्त ‘उड’ म्हणते, पॉवर तुम्ही हाताने लावायची. मागताना ‘टीटीएल कॉर्ड’ असं स्पष्ट मागा, आणि कॅमेऱ्याची कंपनीही सांगा. कॅननची कॉर्ड निकॉनला लावून टीटीएल मिळत नाही.

लांबीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण खरा निर्णय तिथेच होतो. कॅननची ओसी-ई३ ताणून साधारण ६० सेंटिमीटर होते, निकॉनच्या एससी-२८ आणि एससी-२९ साधारण दीड मीटर. ६० सेंटिमीटर म्हणजे हात बाजूला पसरला तर जेवढं अंतर पडेल जेमतेम तेवढं. समोरचा माणूस दीड ते दोन मीटरवर असेल तर तेवढ्याने उजेड १७ ते २२ अंशांनी तिरपा पडतो. नाकाची सावली गालावर उतरते, चेहऱ्याला उठाव येतो, डोळे लाल होत नाहीत. हाच माणूस पाच मीटरवर गेला की कोन ७ अंशांच्या आत येतो, म्हणजे फ्लॅश डोक्यावरच असल्यात जमा. दूरच्या फोटोसाठी कॉर्ड घेणाऱ्याच्या पदरी निराशाच पडते. इतर कंपन्यांच्या दहा मीटरपर्यंतच्या लांब कॉर्ड मिळतात, पण मंगल कार्यालयात जमिनीवर वायर पसरली की कोणाच्या तरी मुलाचा पाय त्यात अडकणारच, आणि स्टँड पडला तर तो नवरदेवाच्या मामांच्याच अंगावर पडेल. लांब कॉर्डच्या वाटेला जाऊ नका. तेवढं अंतर हवं असेल तर ट्रिगरच घ्या.

जवळच्या कामाला मात्र कॉर्डसारखं काही नाही. खान्देशातल्या कानबाईच्या उत्सवात रात्री घरात बाया दाटीवाटीने बसून गाणी म्हणत असतात. तिथे स्टँड ठेवायला वीतभर जागा नसते, आणि ‘भाऊ, मना बी एक फोटू काढ ना’ असं चारी बाजूंनी सुरू असतं. डाव्या हाताने फ्लॅश डोक्यांच्या वर उचलून तिरपा धरायचा, उजव्या हाताने बटण दाबायचं. दर फोटोला अंतर बदलतं. ते टीटीएलला सांभाळू द्या, फक्त फ्लॅश एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतका, कमी ठेवा, नाहीतर दिव्यांचा पिवळसर उजेड मरून जातो. फ्लॅशचा झूम, म्हणजे उजेडाचा पसारा, हाताने २४ किंवा ३५ मिलिमीटरवर लावून ठेवा, म्हणजे नेम थोडा चुकला तरी चालतं.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात संध्याकाळी याचा आणखी एक फायदा दिसतो. टापांनी धूळ उडालेली असते. फ्लॅश भिंगाच्या लगत असला की भिंगासमोरचे धुळीचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे फोटोभर उठतात. बाजूला धरला की ते बरेच कमी होतात. घोड्याच्या डोळ्यातली भुताटकी चमकही तशीच कमी होते. अर्थात मालकाला विचारल्याशिवाय घोड्याच्या तोंडाजवळ फ्लॅश उडवू नका, कोणत्याही साधनाने.

किड्यांचे, फुलांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो हा तर कॉर्डचाच प्रांत. यावलच्या जंगलात किंवा पाटणादेवीला पावसाळ्यात पानावरचा कोळी टिपताना भिंगाचं छिद्र एफ/११ पेक्षाही बारीक करावं लागतं आणि फ्लॅश भिंगाच्या टोकाशी आणावा लागतो. सगळा मामला फूटभर अंतरातला. तिथे रेडिओची १०० मीटरची रेंज घेऊन करणार काय? जळगावच्या सराफ्यासाठी दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांचंही तेच: एक फ्लॅश, पांढरा कागद, हातभर कॉर्ड.

आता कॉर्डचे त्रास. एका हाताने कॅमेरा पेलणं. २४-७० सारखं जड भिंग असेल तर तासाभरात मनगट बोलायला लागतं, आणि झूमची रिंग फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा? ३५ किंवा ५० चं हलकं भिंग लावलं की हा प्रश्न सुटतो. गुंडाळी ताणलेली असली की ती फ्लॅशला कॅमेऱ्याकडे ओढत राहते. अंधारात फोकसला मदत करणारा फ्लॅशचा लाल झोत भलतीकडेच पडतो. निकॉनच्या एससी-२९ ला तो झोत कॅमेऱ्याकडच्या टोकावर दिलेला आहे, कॅननच्या कॉर्डला नाही. डीएसएलआरने रात्रीची वरात टिपणाऱ्याला हे जाणवेल.

ट्रिगर घेतला की हे बरेचसं सुटतं. फ्लॅश स्टेजच्या कोपऱ्यात, छत्रीत, नवरा-नवरीच्या मागे, हवा तिथे ठेवा. दोन-तीन फ्लॅश एकत्र चालवा. वरातीपुढे मदतनीस काठीवर फ्लॅश धरून चालू शकतो. गोडॉक्ससारख्यांचे २.४ गिगाहर्ट्झचे ट्रिगर त्यामुळेच सगळीकडे दिसतात. पण तिथेच एक गंमत होते: शेजारच्या कार्यालयातला फोटोग्राफरही त्याच कंपनीचा, तोही चॅनल १ वर. त्याने बटण दाबलं की तुमचा फ्लॅश उडतो. चॅनलसोबत ट्रिगर आणि फ्लॅशचा आयडी, म्हणजे ओळख-क्रमांकही बदलून ठेवा. शिवाय ट्रिगरची वेगळी बॅटरी सांभाळायची, आणि भुसावळच्या ४५ अंशांत लिथियम बॅटरीची बॅग बंद गाडीत सोडायची नाही. खर्चही कॉर्डपेक्षा बराच जास्त. फ्लॅशमध्येच रिसीव्हर नसेल तर तो वेगळा घ्यावा लागतो.

जुन्या निकॉन डी९० किंवा कॅनन ७०डी सारख्या बॉडींत (कॅमेऱ्यांत) वर उघडणाऱ्या आतल्याच पॉप-अप फ्लॅशच्या उजेडाने बाहेरचा फ्लॅश उडवायची सोय असते. घरात ठीक चालते. उन्हात किंवा मध्ये कोणी आडवं आलं की दगा देते. हळद अंगणात असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

पैसे देण्याआधी आपली बॉडी तपासा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉट शूमध्ये मधली पिनच नाही. त्यामुळे फक्त मधल्या पिनवर उडणारा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश कॉर्ड लावूनही उडणार नाही; ई-टीटीएल (कॅननचं टीटीएल) फ्लॅशच लागेल. ट्रिगर घ्यायचा झाला तरी आपला कॅमेरा दुकानात नेऊन लावून बघा. कॉर्ड असेल तर तिथेच पूर्ण ताणा, दोन्ही टोकांशी थोडी वाकवा आणि वाकवलेल्या अवस्थेत दहा-बारा वेळा टीटीएलवर फ्लॅश उडवा. आतली तार कच्ची असेल तर एखादा तरी फ्लॅश पूर्ण ताकदीने उडतो किंवा उडतच नाही. तसं झालं तर ती परत करून दुसरी मागा.