४३ इंची स्मार्ट टीव्ही, आठ महिने: चित्र एक नंबर, आवाज कूलरने खाल्ला

आधी एप्रिलमध्ये रागात लिहून ठेवलेलं टाकतो, मग पुढचं.

२०२५ च्या फेब्रुवारीत टीव्ही घेतला इथेच चुकलं. नागपुरात फेब्रुवारीत कूलर लागलेला नसतो. सीताबर्डीच्या ज्या दुकानात टीव्ही पाहिला तिथे एसी, गार आणि शांत, १० व्हॉल्यूमवर पण गाणं खणखणीत वाजून राहिलं होतं. मी काय पाहिलं तर फोरके आहे का, रंग कसे आहेत, कोपरे काळे तर पडत नाहीत ना. २० वॅटचा आवाज आहे म्हणाला, म्हटलं असेल, आपल्याला काय वरात काढायची आहे. ३८ हजारात सौदा पटला, भिंतीवरचा स्टँड फुकट मागून घेतला.

पहिला महिना खरंच मजेत गेला. २६ फेब्रुवारीपासून जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीची फायनल होती, विदर्भ विरुद्ध केरळ. घरून अर्ध्या तासावर मॅच, पण बाबांचे गुडघे आणि ते ऊन, म्हणून आम्ही मानेवाड्यात घरीच पंख्याखाली बसून बघितली. दानिश मालेवारचे १५३, करुण नायर ८६ वर रनआउट झाला तेव्हा बाबांनी रिमोट सोफ्यावर आपटला. जुन्या ३२ इंची टीव्हीवर बॉल कुठे गेला ते कॉमेंट्रीवरून समजायचं, इथे शिवण दिसत होती. मॅच ड्रॉ झाली, पण पहिल्या डावातल्या ३७ रनच्या आघाडीवर ट्रॉफी आपली. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते.

मग होळी झाली आणि कूलर लावला. आमचा कूलर पत्र्याचा, जुना, हॉलच्या खिडकीत बसवलेला, टीव्हीपासून सात फुटावर. पंखा फुल केला की शेजारच्याला फोनवर ओरडून बोलावं लागतं. जुना टीव्ही जाडजूड होता, त्याचे स्पीकर समोर तोंड करून असायचे, तो या कूलरला पुरून उरायचा. नवीन टीव्ही करंजीच्या पारीसारखा पातळ, कडा तर नाहीतच, मग स्पीकर ठेवतील कुठे, खाली तोंड करून बसवलेत. म्हणजे आवाज आधी जमिनीकडे जाणार, तिथून आपल्याकडे आला तर आला. व्हॉल्यूम ५० केला तर हिरो पुटपुटतो, ६५ केला तर ढिशुम झाल्यावर शेजारचे दार वाजवतात आणि त्यात उजवीकडचा स्पीकर फाटतो, डबीत नाणं हलवल्यासारखा. बाहेर पारा ४४ च्या आसपास, कूलर बंद करायची सोय नाही. तीन महिन्यात ३८ हजार देऊन आम्ही मूकपट बघून राहिलो आहे.

तक्रार टाकली. चौथ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला, घामाघूम, त्याला आधी पाणी दिलं. त्याने कूलर बंद केला, बातम्या लावल्या, कान लावला. "साहेब, आवाज तर बरोबर येऊन राहिला." मी म्हटलं कूलर लावून ऐक ना भौ, व्हॉल्यूम ६५ वर ने. तर म्हणे कूलर वॉरंटीत नाही येत. मी हसलो आणि तेवढ्यात त्याने विचारलं, मोबाइलवर ओटीपी आला असेल सांगा. मी सांगितला! तो गेटच्या बाहेर पडायच्या आत मेसेज, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. दुसऱ्यांदा तक्रार, दुसरा माणूस, त्याने सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि तो पण ओटीपी मागून राहिला. या वेळी मी म्हटलं ओटीपी फाटका स्पीकर बदलल्यावर. गेला तोंड वाकडं करून. एक स्टार.

इथवर एप्रिलचं. आता दिवाळी होऊन गेली, राग उतरला आहे, आणि काही गोष्टी माझ्याच चुकीच्या निघाल्या.

मे मध्ये भाचा आला होता सुट्टीत. पोट्ट्याने दोन मिनिटात पाहिलं की आम्ही प्रत्येक सिनेमा '५.१' वर लावून ठेवतो. मला वाटायचं आकडा मोठा म्हणजे आवाज भारी. तर तसं नसतं. सिनेमाचा तो आवाज सहा वाटांनी येतो आणि माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरसाठी ठेवलेलं असतं. आपल्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच, दोघांनीच सहाचं काम करायचं, मग बोलणं त्या पार्श्वसंगीतात बुडतं. ऑडिओच्या यादीत ५.१ च्या जागी साधं स्टिरिओ निवडलं आणि सेटिंगमध्ये जाऊन संवाद उठावदार करणारा मोड लावला, तर जे ६५ वर ऐकू येत नव्हतं ते ४५ वर आलं. मग सराउंड पण बंद केलं, ते नुसतंच आवाज पसरवत होतं. आईने भाच्याला शंभर रुपये दिले, मला काही नाही.

फाटका स्पीकर मात्र फाटकाच होता, तो काही सेटिंगने जात नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करतो असं कंपनीच्या बाईंना फोनवर शांतपणे सांगितलं, तर सहा दिवसात तिसरा माणूस पार्ट घेऊनच आला. हा वयस्कर होता. आल्या आल्या स्वतः कूलर फुल करून ऐकला, म्हणे नागपुरात असंच चेक करावं लागते. दोन्ही स्पीकर बदलले, पैसे शून्य, ओटीपी मी न मागता दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही ते याच माणसासाठी.

बाकीचं पटकन सांगतो. डीटीएचचे एसडी, म्हणजे साध्या दर्जाचे, चॅनल या मोठ्या पडद्यावर धुरकट दिसतात आणि चित्र ताणलं की आईच्या सिरीयलमधल्या सासूबाई आडव्या पसरतात, आस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राच्या लांबी-रुंदीचं माप बदला, किंवा ॲपवर बघा. हलणारं चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग सिनेमाला बंदच ठेवा, नाहीतर सगळा सिनेमा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो, क्रिकेटला चालू चालेल. रिमोटवर आकड्यांची बटणं नाहीत, बाबांचा त्यावरून अजून असहकार चालू आहे. स्टोरेज आठ जीबी लिहिलेलं, हातात त्याच्या निम्मं पण येत नाही, चार ॲपच्या वर भरू नका. माइक रिमोटमध्ये असल्यामुळे कूलरच्या आवाजात पण आई "हरिपाठ लाव" म्हणते आणि लागतो. म्हणजे टीव्हीला आमचं ऐकू येतं, त्याचंच आम्हाला येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, माझ्याच बिलात जवळपास तीन हजारांचा फरक. फेब्रुवारीत घेतल्याची ही दुसरी शिक्षा. बायको म्हणते मग रणजी फायनल कशावर पाहिली असती, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या ओळखीचे भाटवे म्हणतात छोटा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर लाव, सहा हजार. मी माळ्यावरून कॉम्प्युटरच्या जमान्यातले टू पॉइंट वन स्पीकर, म्हणजे दोन छोटे आणि एक बेसचा डबा, काढले, धूळ झटकली, हेडफोनच्या भोकातून जोडले. ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलर परत लावला होता तेव्हा व्हॉल्यूम २२ आणि शब्द न शब्द स्पष्ट, फक्त स्पीकरचं बटण उठून बंद करावं लागतं. आता कूलर ताडपत्रीत गुंडाळला आहे. भाटव्यांचा जुना साउंडबार त्यांच्याकडे पडून आहे, दोन हजारात देतो म्हणून राहिले, होळीपर्यंत दीड हजारावर आले तर घेईन. सध्या तीन स्टार, आणि एक राखून ठेवला आहे मार्चसाठी.