पहिली फ्लेमिश कॉपी: व्हॅन आइकचा लाल पागोटेवाला की रॉजियरची बाई?

तैलरंगात पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतंय आणि आता एखाद्या फ्लेमिश (आताच्या बेल्जियमकडच्या) मास्टरची कॉपी करून ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर चढवणं, शिकायचंय, तर माझ्या मते ही दोनच नावं. यान व्हॅन आइकचा 1433 चा लाल पागोट्यातला माणूस, लंडनच्या नॅशनल गॅलरीतला, नाहीतर रॉजियर व्हॅन डर वायडनची साधारण 1460 ची बाई, जी वॉशिंग्टनला आहे. मी दोन्ही केलीत.

चेहरा म्हणाल तर व्हॅन आइकला तोड नाही. डोळ्याच्या पांढऱ्यात बारीक लाल शिरा, हनुवटीवर दाढीचे खुंट, मूळ फ्रेमवर 21 ऑक्टोबर ही तारीखसुद्धा. हा माणूस म्हणजे व्हॅन आइक स्वतःच असावा असं म्हणतात आणि ती नजर बघून मलाही तसंच वाटतं. पण अख्खं चित्र जेमतेम 26 बाय 19 सेंमी आणि त्यातली केवढी तरी जागा पागोटंच खातं. माझा सगळा जीव त्या लालनं काढला! खाली अपारदर्शक लाल, वर अलिझरिनचे (हा गडद, पारदर्शक लाल) पातळ थर, आणि अलिझरिन मुळातच उशिरा वाळतो, त्यात आमच्या कोकणात जून लागला की हवा इतकी ओली की बोट लावावं तर चिकटच, तोवर धूळ, ब्रशचे केस, चिलटं सगळं त्यात येऊन बसतं. मग वाळल्यावर खरवडा, परत थर द्या, परत थांबा, आणि एका घडीचा टोन बदलला की शेजारच्या घड्याही परत करायच्या.

रॉजियरकडे लाल आहे तो फक्त कमरेच्या पट्ट्यात. बाकी गडद बॅकग्राउंड, गडद ड्रेस, त्यात अंबर (मातकट तपकिरी रंग) घातलं की ते पटकन वाळतं. आणि ती पारदर्शक ओढणी! आधी कपाळ आणि खांद्याची त्वचा पूर्ण रंगवून वाळू द्यायची, मग वर पांढऱ्याचा अगदी पातळ हात. बिघडलं तर पुसता येतं, खालचं काही हलत नाही. थर म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

हां, ड्रॉइंग मात्र पक्कं हवं. तो लांबट चेहरा, घट्ट गुंफलेली बोटं, जरा हललं की बाई वेगळीच दिसते. ड्रॉइंगची भीती असेल, आणि तुमच्याकडे हवा कोरडी असेल, तर व्हॅन आइकसुद्धा चालेल कदाचित. पण पावसाळ्यात सुरू करणार असाल तर मी रॉजियरच म्हणेन. वॉशिंग्टनच्या म्युझियमनं मोठी इमेज फुकट डाउनलोडला ठेवलीय, ओढणीच्या टाचण्यासुद्धा मोजता येतात. ओढणीला मी झिंक व्हाइट घेतला, टिटॅनियम व्हाइट खालचं फार झाकतो.